बाळाचा पहिला महिना

मंडळी, गडचिरोली म्हटले की पुष्कळ वर्षे आपल्या कानी गोळीबाराचीच बातमी पडे. पण त्याच जिल्ह्यात कित्येक बाळे महिन्याच्या आत दगावत, त्याची बातमी होत नसे. नोंदही धड नसे. मग सरकारने धोरण आखावे तरी कशावर?

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आधी मोजदाद केली. हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. दवाखाना लांब, तेव्हा उपचारच घरी न्यायचे ठरले. 1995 पासून 39 गावांत गावच्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करायचे, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, आणि जंतुदोष दिसला तर आईबापांच्या संमतीने इंजेक्शनही द्यायचे.

आता पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बाईच्या हाती सुई? शंका रास्तच होती. म्हणून 47 गावे तुलनेसाठी नेहमीच्या सेवेवरच ठेवली. तीन वर्षांनी 39 गावांत आकडा 25 च्या आसपास उतरला. त्या 47 गावांत तो साठाच्या घरातच राहिला. गुरुजी, हा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवा. तुलनेची गावे नसती, तर 'पीकपाणी बरे झाले म्हणून बाळे वाचली' असे कोणीही म्हटले असते.

1999 साली हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. 2011 मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन बाळ तपासण्याचे काम देशभरच्या आशाताईंकडे सोपवले. बाळंतपण दवाखान्यात झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि श्वास मोजायला घड्याळ असते.