होकार नाही, नकारही नाही: इमर्जन्सीतलं संशोधन आणि स्पॅनिश

आजचा विषय अमेरिकेतला आहे. २०२०च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ६ कोटी २० लाख हिस्पॅनिक लोक राहतात. बरेच जण इंग्रजी सफाईने बोलतात, पण लाखो लोकांचं स्पॅनिशवाचून अडतं.

समजा, स्ट्रोकचा पेशंट आलाय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याच घाईत एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी त्याची संमतीही घ्यायची असते. फॉर्म इंग्रजीत, दुभाषी जागेवर नाही. मग त्याला कुणी विचारतच नाही. काही चाचण्यांच्या तर अटींमध्येच 'इंग्रजी यायला हवं' असं असतं. औषध बाजारात आल्यावर मात्र ते त्यालाही देणारच!

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. पेशंट बेशुद्ध, सोबत कुणी नाही. अशा जीवघेण्या प्रसंगी कडक अटींवर संमतीशिवाय चाचणी करायची मुभा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ साली दिली. अट अशी की, आधी त्या भागातल्या लोकांशी चर्चा करायची आणि माहिती जाहीर करायची. काही चाचण्यांत तर नकार देणाऱ्यांना हातात घालायला बँड देतात. पण ही माहिती फक्त इंग्रजीत असेल तर 'मला नको' हे सांगायचं तरी कसं?

मग सोबतच्या मुलाला भाषांतर करायला सांगावं का? नको. १९८० साली फ्लोरिडात एका १८ वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी अर्थ घेतला ड्रग्जचा ओव्हरडोस. मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

आम्ही ॲप बनवतो तेव्हा दुसरी भाषा शेवटी चिकटवली की सगळी स्क्रीन विस्कटते. इथेही तसंच आहे. चाचणीला मंजुरी मिळवतानाच स्पॅनिश संमतीपत्र तयार हवं, बजेटमध्ये त्याचा खर्च धरलेला हवा, फोनवर किंवा व्हिडिओवर प्रशिक्षित दुभाषी २४ तास हवा आणि टीममध्ये स्पॅनिश बोलणारं कुणीतरी हवं. पेशंट दारात आल्यावर धावपळ करून यातलं काहीच उभं राहत नाही.

सहभागी व्हायचं की नाही, हे पेशंटने ठरवावं. पण आधी प्रश्न त्याच्या भाषेत विचारला तर पाहिजे ना! भेटू पुढच्या भागात.