धुराखालून दारापर्यंत
मैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान आग लागली. ६२ जणांचा जीव गेला. अशा वेळी मोठी माणसंही गोंधळतात. लहान मूल तर पलंगाखाली दडून बसतं, हाकेला ओ देत नाही. त्याच मैसूरच्या विजयनगरातल्या घरांत मुलांना पहिला धडा हाच द्यावा: लपायचं नाही, बाहेर पडायचं.

तापलेला धूर छताकडे चढतो. जमिनीलगतची हवा त्या मानाने थंड आणि स्वच्छ राहते. रांगत जायचं ते यासाठी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो जागही येऊ देत नाही. बंद दार हाताच्या मागच्या बाजूने चाचपावं, गरम लागलं तर दुसरी वाट धरावी. पण दुसरी वाट आणायची कुठून? चोरांच्या भीतीने आपण खिडकीखिडकीला पक्कं ग्रिल ठोकलेलं! निदान एक तरी ग्रिल उघडणारं हवं, किल्ली तिथेच खिळ्याला. बाहेर भेटायची जागा ठरवावी, म्हणजे आत कोण राहिलं ते लगेच कळतं. अग्निशमन दलाचा १०१ नंबर पाठ हवाच, फोन मात्र बाहेर आल्यावर. सराव एकदा रात्री, दिवे मालवूनही करून पाहा.