काठ वळतो, तो दोष हाताचा नव्हे

लासलगावचे नाव कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर पोहोचले आहे. पण या परिसराची हिवाळ्यातली ओळख म्हणजे तेथील कडाक्याची थंडी. निफाड तालुक्यात काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटतात. कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत येणारा शेतकरी मफलरवाचून घराबाहेर पडत नाही. अशा ठिकाणी विणकाम शिकणारी मुलगी पहिल्यांदा सुयांवर घेते तो बहुधा आजोबांचा मफलरच. वीतभर वीण होताच तिच्या लक्षात येते की दोन्ही काठ आत वळून त्याची सुरळी होत आहे. हात बिघडला असे समजून ती सारे उसवते, आणि पुष्कळदा विणकामाची हौस तेथेच संपते.

वस्तुतः हा त्या विणीचा स्वभाव आहे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की सर्व सुलट टाके एका अंगाला व उलट टाक्यांचे उंचवटे दुसऱ्या अंगाला येतात. वाकविलेला धागा सरळ होऊ पाहतो. दोन्ही अंगांचा ताण सारखा नसल्याने बाजूचे काठ मागे आणि वरचे-खालचे काठ पुढे वळतात. जुना बनियन कापला की त्याची कड अशीच गुंडाळते, कारण ते कापडही याच विणीचे असते. म्हणून वीण घट्ट ओढून किंवा ओळीचा पहिला टाका न विणता सरकवून हा वळ जात नाही. टाका सरकविल्याने काठ केवळ नीटस दिसतो.

उपाय आहे तो दोन्ही अंगांचा तोल साधण्यात. आरंभी व शेवटी ६ ते ८ ओळी आणि दोन्ही बाजूंना ५-५ टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणावेत. त्याहून बरे म्हणजे सारा मफलरच दोन सुलट, दोन उलट अशा पट्ट्यांचा करावा. मागील ओळीत सुलट दिसेल तो सुलट, उलट दिसेल तो उलट विणावा. साबुदाण्याची वीण हवी असल्यास ४१ असे विषम टाके घालून प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू करावी व एक सुलट, एक उलट विणत जावे.

विणून झालेला तुकडाही वाया जात नाही. मेंढीच्या लोकरीचा असल्यास तो ओला करून, हलके पिळून, चादरीवर टाचण्यांनी ताणून वाळवावा. अनेक घरांत वापरली जाणारी कृत्रिम लोकर नुसत्या पाण्याने वश होत नाही. तिला ओल्या फडक्यावरून, इस्त्री न टेकविता, हलकी वाफ द्यावी. उष्णता अधिक झाल्यास वीण कायमची लुळी पडते. काठावरून टाके उचलून किंवा क्रोशाने किनार जोडता येते. मफलर पुरेसा रुंद असेल तर वळलेले दोन्ही काठ एकमेकांना शिवून टाकावेत. शिवण आतल्या अंगाला राहते, काठ उरतच नाहीत, आणि निफाडच्या पहाटे दुपदरी मफलरची ऊब अधिकच लागते.

उसविण्यापूर्वी एवढे करून पाहावे. नव्या हाताने घातलेला पहिला टाका सहसा चुकलेला नसतो.