सॅव्हाना आपल्याच जिल्ह्यात : टिपेश्वरच्या सहलीचा हिशेब

दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघरी प्रश्न निघतो, मुलांना न्यायचे कुठे? मजुरीवर किंवा लहानशा पगारावर चालणाऱ्या घरात हा प्रश्न मामाच्या गावावर येऊन थांबतो. त्यात वाईट काही नाही. पण फुलसावंगीच्या मुलाने भूगोलात आफ्रिकेचा सॅव्हाना पाठ करावा आणि आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातले गवताळ रान कधी पाहू नये, हे आम्हाला पटत नाही.

सॅव्हाना म्हणजे काय? चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे. कमरेइतके गवत आणि त्यात विखुरलेली झाडे. टांझानियातील सेरेंगेटी हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. तेथे जायला लाखो रुपये लागतात. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याला वनखाते कोरडे पानझडी जंगल म्हणते. साग, पळस, मोह, तेंदू ही तिथली झाडे. परंतु मधली गवताची मैदाने पाहिली की पुस्तकातला सॅव्हानाच आठवतो.

अशा जमिनीला आपण सहज 'पडीक' म्हणून मोकळे होतो. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय तपासून २०२५ साली असे मांडले की, पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ माळ हे जंगल तोडून झालेले नाहीत, ते शेकडो वर्षांपासून तसेच आहेत. म्हणजे गवत ही उजाड जागा नव्हे. गुराढोरांचे, हरणांचे आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांचे ते घर आहे.

टिपेश्वरला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. वाघ, बिबट, अस्वल, चितळ, सांबर, चौशिंगा आणि आपल्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक असलेला रोही येथे आहे. येथलाच एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला आणि तेलंगण व महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून सुमारे तीन हजार किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीच सांगावी.

आता हिशेबाचे पाहू. जंगलात फिरवणाऱ्या जिप्सीचे भाडे माणशी नसून गाडीमागे असते. प्रवेशशुल्क व गाइडचे पैसे वेगळे. दोघांनी गेले तर परवडत नाही, सहाजणांनी मिळून गेले तर तोच खर्च वाटला जातो. म्हणून आमची सूचना अशी की, सहा घरांनी भिशी लावावी. दर आठवड्याला घरामागे पन्नास रुपये टाकले तर वीस आठवड्यांत सहा हजार जमतात. रक्कम मोठी नाही, पण कर्ज न काढता पहिल्या सहलीचा पाया होतो. पहिल्या वर्षी प्रत्येक घरातून एकजण, पुढच्या वर्षी दुसरा.

फुलसावंगीहून महागाव, तेथून आर्णीमार्गे यवतमाळ आणि पुढे पांढरकवडा असा एस.टी.चा मार्ग आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. तेव्हा आईला, आजीला मागे ठेवू नका. तेंदूपाने, मोहफुले, सरपण यांसाठी ज्यांनी रान तुडवले, त्यांना झाडांची आणि गवताची जी ओळख आहे ती पुस्तकात सापडायची नाही. आजवर ओझे घेऊन रानातून आलेल्या बाईने एकदा तरी रिकाम्या हाताने, तिकीट काढून, मानाने रान पाहावे.

सकाळची फेरी पहाटेच सुटते. गावाहून त्याच दिवशी निघून ती साधत नाही. आदल्या दिवशी पांढरकवड्याला मुक्काम करावा. सुन्ना, माथनी व कोदोरी ही प्रवेशद्वारे आहेत. पांढरकवड्याहून सुन्ना सोयीचे. आरक्षण आधी करावे, ते करताना चालू दर व साप्ताहिक सुटीचा वार विचारून घ्यावा, आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, जंगल बंद असते. लहान मुले असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडीत उघड्या गाडीत अंग काकडते, स्वेटर व कानटोपी विसरू नये. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर जनावर हमखास येते, पण ऊन सोसवत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांच्या नोंदी घेते, कारण वैशाखातले ते चांदणे दिव्याची गरज ठेवत नाही.

भडक कपडे नकोत, गाडीतून उतरणे नको, आरडाओरडा नको, प्लॅस्टिकचा कचरा नको. वाघ दिसलाच पाहिजे हा हट्टही नको.

मुलांना आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. या अभयारण्याच्या आत टिपेश्वर व मारेगाव ही गावे होती. ती उठली, आणि त्यांच्या शेतांत आता गवत आहे. तसेच, याच पांढरकवडा-राळेगाव भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांचे बळी गेले. त्यांचा ठपका असलेल्या टी-१ वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घातली गेली. जंगल टिकते तेव्हा त्याची किंमत काठावरचा शेतमजूर आणि गुराखी मोजत असतो. हे कळले तर सहल नुसती मौज राहत नाही.

ज्यांना एवढेही यंदा जमणार नाही त्यांनी पावसाळा सरता सरता पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहून यावा. खडक निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नये. टिपेश्वरची भिशी मात्र येत्या रविवारीच सुरू करावी.