गोटुल कोणाच्या सागवानाचं? (एपिसोडचा लेखी मजकूर)

जय सेवा, रामराम, नमस्कार. जिवतीच्या पहाडावर तिन्ही चालतात, म्हणून तिन्ही म्हणतो. नेटवर्क गेल्यामुळे एपिसोड अर्धाच ऐकला असेल तर हे वाचा.

आजोबांपासून सुरू करतो. आम्ही मूळचे नांदेडकडचे. दुष्काळात गाव सोडून आजोबा या पहाडावर आले. सोबत आजी, दोन लेकरं आणि एक बैल. पहिली रात्र त्यांनी कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, चावडीत काढली. चावडी म्हणजे वस्तीची बसायची जागा. बैठक तिथेच, पाहुणाही तिथेच. आजोबा सांगायचे, "कोणी नाव विचारायच्या आधी विस्तव आणून दिला." (त्या पोडाची जमीन पुढे कोणाकोणाच्या नावावर गेली, हा वेगळा एपिसोड. तो करायचा तर आधी माझ्याच घरात विचारावं लागेल.)

हे आठवलं एका मित्रामुळे. गडचिरोलीचा विषय निघाला आणि तो म्हणाला, "गोटुल म्हणजे ते पोरापोरींचं ना बे?" वर डोळा मारला. मी तेव्हा हसलो. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा हसल्याची लाज वाटली.

तर गोटुल. गोंडांच्या परंपरेत ते पारी कुपार लिंगोनं सुरू केलं, असं मानतात. बाहेरच्या जगात त्याचं नाव गाजलं ते व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ च्या जाड पुस्तकामुळे. ते पुस्तक बस्तरच्या मुरिया गोंडांवर आहे. त्यांच्या गोटुलात अविवाहित मुलगे, म्हणजे चेलिक, आणि मुली, म्हणजे मोटियारी, दोघंही राहत. लोकांनी त्यातलं तेवढंच उचललं. पण त्याच पुस्तकात गोटुलातली शिस्तही आहे. प्रत्येकाला पद, प्रत्येकाकडे काम. झाडलोट कोणी करायची, सरपण कोणी आणायचं, हे ठरलेलं. चुकलं की दंड. लग्न असो की मयत, गावाला हात लागले की गोटुलातली पोरं हजर.

आणि मुरिया म्हणजे सगळे गोंड नव्हेत. एल्विनच्या आधी, १९३८ मध्ये, ग्रिगसन या अधिकाऱ्यानं बस्तरच्या माडिया गोंडांवर लिहिलं. तिथल्या पहाडी माडियांच्या गोटुलात मुली झोपायला नसत. ती मुलांची निजायची जागा, आणि वाटसरूचीही. आपल्या गडचिरोलीतही गोटुल म्हणजे गावाचं सामायिक घर. संध्याकाळी शेकोटी, ढोल, रेला. गावाचा प्रश्न असेल तर सगळे तिथेच बसतात.

आता इमारतीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. एकानं विचारलं होतं, सगळ्यात जुनं गोटुल कुठलं? प्रश्न चांगला, पण किल्ल्याला विचारायचा. माणिकगडाचे दगड अजून आहेत. गोटुल लाकडाचं, बांबूचं, मातीचं. पाऊस आणि वाळवी त्याला खातात, आणि गाव ते परत बांधतं. त्यामुळे ते किती वर्षांचं आहे यापेक्षा परत बांधता येतं की नाही, हे महत्त्वाचं. बांधायला चांगलं लाकूड लागतं. सागवान वाळवीला सहजासहजी दाद देत नाही. पण जंगल सरकारी झालं, तसा सागही सरकारी झाला. दारासमोरचं झाड तोडलं तरी गुन्हा.

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांच्या विरोधात या भागात मोठं आंदोलन झालं. लालश्याम शहा, बाबा आमटे त्यात होते. त्या वातावरणात मेंढ्यानं ठरवलं, आपलं गोटुल परत उभं करायचं, आणि जुन्या पद्धतीनं, सागाचंच. वनखात्यानं हरकत घेतली. गावाचं म्हणणं, हा आमचा निस्तार हक्क, पिढ्यानपिढ्यांचा. बांधलेलं गोटुल खात्यानं पाडलं. मग आजूबाजूची गावं मेंढ्याच्या बाजूनं उभी राहिली आणि गोटुल पुन्हा बांधलं गेलं.

विचार करा, भांडण कशासाठी? काही खांबांसाठी. पण एकदा खांब कोणाचे हे विचारलं, की जंगल कोणाचं हेही विचारावं लागतं. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावाचे अभ्यासगट पुढे तेच विचारत राहिले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांमध्ये. २०११ मध्ये बांबू विकायचे वाहतूक पासही ग्रामसभेच्या हातात आले. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' मिळालं तर वाचाच.

आपल्या कामाची गोष्ट : २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते, आणि त्या यादीत समाजकेंद्रही आहे. अट अशी की जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. कागद वनखात्याकडे जाण्याआधी ग्रामसभेत ठराव लागतो. तिथे हात वर करायला तुम्ही-आम्ही हजर पाहिजे ना!

त्याच धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथे ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव ठेवलं 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. मान्यतेवरून तिथेही झगडा झाला. पण पोरांच्या शिकण्याच्या जागेला गावानं गोटुल हेच नाव दिलं, हे मला आवडलं.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी एका पोडावर गेलो होतो. आजोबांचंच पोड की दुसरं, नक्की सांगता येत नाही. तिथे सिमेंटचं समाजमंदिर झालंय, वर पत्रा, समोर नावाची पाटी. दाराला कुलूप होतं. चावी कोणाकडे, विचारलं तर म्हणाले, तो माणूस गडचांदूरला गेलाय. शेजारी जुन्या चावडीत चार म्हातारे बसले होते. एकानं सरकून जागा केली. "बस," म्हणाले. "कुठला आहेस, ते नंतर सांग."