अधोदंत तंत्रिका व रोहिणी

खालची दाढ काढण्यापूर्वी सुई टोचली जाते, काही मिनिटांत ओठाचा अर्धा भाग बधिर होतो, आणि तरीही चिमटा लागताच रुग्ण कळवळतो. हा अनुभव दंतवैद्यास नवा नाही. तथापि औषधास दोष देण्यापूर्वी शरीररचनेकडे पाहणे इष्ट होय.

अधोदंत तंत्रिका ही पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेच्या तिसऱ्या शाखेपासून निघते. तिच्या सोबतची रोहिणी बाह्य ग्रीवा रोहिणीच्या हनुशाखेपासून येते. भिन्न उगमांच्या या दोघी जबड्याच्या उभ्या भागाच्या आतील बाजूस, साधारण मध्यावर असलेल्या छिद्रातून एकत्रच हाडात शिरतात व दाढांच्या मुळांखालून पुढे जातात. उपदाढांपाशी तंत्रिकेची एक शाखा बाहेर पडून ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरविते. ओठ बधिर झाला याचा अर्थ एवढाच की, मुख्य तंत्रिकेपर्यंत औषध पोहोचले.

खरी अडचण छिद्राच्या वर आहे. तेथे सरासरी दीड सेंटिमीटर अंतरावरच मायलोहायॉइड स्नायूकडे जाणारी शाखा फुटते. ती केवळ चालक असल्याचे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली; परंतु काही व्यक्तींत तिचे संवेदक तंतू जबड्याच्या आतील बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून दातांपर्यंत जातात. छिद्रापाशी सोडलेले औषध त्यांना गाठीलच असे नाही. दाढांच्या गालाकडील हिरड्यांची तंत्रिका तर मुळातच वेगळी.

ही तंत्रिका कोकेनने बधिर करण्याचा प्रयोग विल्यम हॉलस्टेड यांनी १८८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे केला. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील गौ-गेट्स यांनी सुईचे लक्ष्य बरेच वर, जबड्याच्या सांध्याखालील अस्थिग्रीवेवर नेले; शाखा फुटण्यापूर्वीच मूळ गाठावे, हा त्यामागील सरळ हेतू.

रोहिणीचा विचार येथेच करावा लागतो. छिद्राजवळ रोहिणी, नीला व तंत्रिका इतक्या निकट असतात की, नेहमीच्या पद्धतीत सुमारे १० ते १५ टक्के वेळा दट्ट्या मागे ओढताच पिचकारीत रक्त येते. ही तपासणी टाळल्यास औषध थेट रक्तात मिसळण्याचा संभव असतो. उलट, हाडाचा स्पर्श न होताच सुई फार मागे गेली तर ती कर्णमूल ग्रंथीत शिरते. तेथे सातवी तंत्रिका बधिर होऊन त्या बाजूचा डोळा, औषधाचा अंमल उतरेपर्यंत, मिटता येत नाही.