सुटणें, सोडणें आणि सोडविणें

जुने कागद वाचतांना अमुक मनुष्य कैदेंतून बाहेर आला एवढें कळलें, म्हणजे त्या वाक्यांतील क्रियापदाकडे निराळें लक्ष देण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. मुळांत ‘सुटले’ असो, ‘सोडिले’ असो कीं ‘सोडविले’ असो, सूचीकार ‘सुटका’ एवढा एकच शब्द लिहितो आणि पुढल्या कागदाकडे वळतो. या चालीनें किती माहिती हातची जाते हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे. उदाहरणादाखल आम्ही शाहूमहाराजांचें प्रकरण घेतों. कारण त्याचा एक धागा तळोद्याच्या आसपासच्या मुलखांतून गेलेला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. सुटणें हें प्राकृतांतील छुट्ट या धातूपासून आलेलें अकर्मक क्रियापद होय. गांठ सुटते, वारा सुटतो, कैदीहि सुटतो. सोडणारा कोण, किंबहुना कोणी होता कीं नाहीं, हें त्यांत सांगितलेलें नसतें. सोडणें सकर्मक आहे व त्याचा कर्ता ठरलेला असतो: ज्याच्या मुठींत वस्तु, तोच ती सोडतो. सोडविणें हें प्रयोजक रूप असल्यामुळें त्यांत तिसरा इसम येतो. धरणारा एक, धरलेला दुसरा आणि मध्यें पडून, झगडून, पैसे मोजून किंवा रदबदली करून त्यास मोकळा करणारा तिसरा. मोकळा हें विशेषण तर केवळ स्थिति सांगतें, क्रियेविषयीं तें मुकेंच आहे. वांचविणें याची जात आणखी वेगळी. पुरांतून किंवा आगींतून वांचवितात, तेथें धरणारा मनुष्य असावाच लागतो असें नाहीं.

इंग्रजींत या अर्थाच्या शब्दांची गर्दी मोठी आहे, पण त्यांची वांटणी दुसऱ्या तत्त्वावर झालेली दिसते. रिलीज म्हणजे मुळांत ढिलें करणें. रॅन्सम आणि रिडेम्प्शन हे दोन्ही शब्द ‘परत विकत घेणें’ अशा अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. पहिला फ्रेंचांच्या तोंडीं झिजून आला व सौदागरांत राहिला, दुसरा पंडितांनीं आणिला व ख्रिस्ती धर्मशास्त्रांत जाऊन बसला. रेस्क्यू यांत झटकून काढण्याचा जोर आहे. मॅन्युमिट म्हणजे धन्यानें गुलामास हातांतून जाऊं देणें, आणि इमॅन्सिपेट हा रोमन कायद्यांत पुत्रास पित्याच्या सत्तेंतून मोकळें करण्याचा शब्द. थोडक्यांत, बंधन कोणत्या प्रकारचें व मोल काय पडलें हें इंग्रजी शब्दांवरून कळतें. हात कोणाचा हें मराठी क्रियापदावरून कळतें. सोडविणें याचें भाषांतर कोणी रिलीज असें केलें तर तिसरा इसम गळतो. रेस्क्यू असें केलें तर तो राहतो, पण त्याच्या हातीं नसलेली तलवार येते. वाटाघाटीनें सोडविलेल्या मनुष्यास लागू पडणारा चपखल इंग्रजी शब्द आम्हांस तरी सांपडलेला नाहीं.

आग्र्याच्या प्रकरणांत हा भेद उघड दिसतो. १७ ऑगस्ट १६६६ रोजीं शिवाजीमहाराज पहाऱ्यांतून निसटले. त्यांस कोणीं सोडिलें नाहीं, आणि जामीन राहिलेल्या रामसिंगास बादशहाचा रोष सोसावा लागला. त्यांचे मागें सांपडलेले रघुनाथ बल्लाळ कोरडे व त्र्यंबक सोनदेव डबीर यांचे मात्र फार हाल झाले व १६६७ सालीं मोंगलांनीं त्यांस सोडिलें. दोन्ही ठिकाणीं आपण ‘सुटका’च म्हणतों. महाराजांचे बाबतींत तो शब्द रूढीनें इतका पक्का झाला आहे कीं आतां तो बदलण्यांत अर्थ नाहीं. तथापि सूचींत तरी दोहोंस एका मापानें मोजूं नये.

आतां शाहूमहाराजांकडे वळूं. नोव्हेंबर १६८९ मध्यें रायगड पडला, तेव्हां सात वर्षांचे शाहू व त्यांच्या मातोश्री येसूबाई मोंगलांच्या हातीं गेल्या. औरंगजेबानें बाल शाहूंस राजा ही पदवी व सात हजारी मनसब दिली. म्हणजे छावणींत ते नजरकैदेंत आणि दफ्तरांत मनसबदार, अशी ही दुहेरी स्थिति होती. १७०७ च्या आरंभीं औरंगजेब वारला. तख्तासाठीं उत्तरेकडे निघालेल्या आजमशहाच्या लष्करापासून नर्मदेपलीकडे दोराह्याजवळ त्याच वर्षाच्या मे महिन्यांत शाहू वेगळे झाले. येथेंच वाद आहे. झुल्फिकारखानाच्या सल्ल्यावरून आजमशहानें त्यांस सोडिलें असें एक मत. खानाच्या संगनमतानें ते निघून गेले असें दुसरें.

हा वाद केवळ तपशिलाचा नव्हे. सोडिलें म्हटलें कीं सोडण्याच्या अटी आल्या व शाहूंचा हक्क अंशतः बादशाही मेहेरबानीवर उभा राहिला. आपलेआप सुटले म्हटलें तर तें बंधन नाहीं. ताराबाईंच्या पक्षानें त्यांस तोतया ठरविण्याचा यत्न केला. मोंगलांनीं मुद्दाम पाठविलेला मनुष्य हा संशय त्या आरोपाला पोषकच होता. आमचा कल पहिल्या मताकडे आहे, व त्याचें कारणहि एका शब्दांतच आहे. येसूबाई, मदनसिंग व इतर कबिला मोंगलांकडे राहिला, त्यास ओलीस म्हणण्याचा प्रघात आहे. पळून गेलेल्याचीं माणसें मागें राहतात तीं अडकलेलीं असतात. ओलीस राहण्यास करार लागतो. म्हणून समकालीन कागदांत या कबिल्याविषयीं कोणता शब्द येतो हें पाहणें अगत्याचें आहे.

नर्मदा उतरून शाहू बिजागडावरून खानदेशांत आले. त्यांस प्रथम येऊन मिळालेल्यांत बिजागडचे मोहनसिंग रावळ, लांबकानीचे सुजानसिंग रावळ, कोकरमुंड्याचे अमृतराव कदमबांडे व सुलतानपूरचे अंबू पांडे यांचीं नांवें येतात. सुलतानपूर शहादे तालुक्यांत, तळोद्याच्या पूर्वेस आहे. कोकरमुंडें तळोद्याहून जवळच, पूर्वीं पश्चिम खानदेशांत मोडणारें व १९६० पासून गुजरातेंत गेलेलें. या मंडळींच्या धाडसाचें मोल त्याच क्रियापदावर ठरतें. शाहू हे रीतसर रुखसत मिळालेले मनसबदार असतील, तर त्यांस मिळणें ही शहाणपणाची निवड होती. निसटलेले कैदी असतील, तर तो उघड फितवा होता आणि तापीकांठच्या या घराण्यांनीं वतनें व मानाहि पणास लाविल्या होत्या. पुढें ऑक्टोबर १७०७ मध्यें खेडची लढाई व जानेवारी १७०८ मध्यें सातारा येथें राज्याभिषेक झाल्यावर त्यांची निवड बरोबर ठरली ही गोष्ट वेगळी.

येसूबाईंचें प्रकरण याहून साधें आहे. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेनअलीबरोबर दिल्लीस गेले व चौथ, सरदेशमुखी आणि स्वराज्य यांच्या सनदा व राजकबिला घेऊन परतले. तीस वर्षांनीं मातोश्री साताऱ्यास पोंचल्या. येथें सोडविणें हेंच क्रियापद शोभतें. सनदांच्या थोरवींत ही सोडवणूक आपल्या इतिहासग्रंथांतून बहुधा एका वाक्यांत उरकली जाते, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

वाचकानें या भेदाची काळजी घ्यावी याला लिपीचेंहि एक कारण आहे. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. ‘सोडिलें’ आणि ‘सोडविलें’ यांत एका ‘व’चाच काय तो फरक. घाईच्या लेखणींत तेवढें अक्षर मागच्या वळणांत मिसळलें, कीं सोडवणारा इतिहासांतून नाहींसा होतो. शंका असेल तेथें पुढेंमागें खंड, जामीन, रदबदली असे शब्द आहेत काय हें पाहावें. ते असल्यास तिसऱ्या इसमाचा शोध घ्यावा.

कर्जाच्या कागदांत हेंच क्रियापद वेगळ्या वेषांत भेटतें. गहाण पडलेलें शेत सोडवितात, देणें फिटल्यावर फारखत लिहून घेतात. काडीमोडीच्या पत्रासहि फारखत म्हणतात, म्हणून नुसत्या नांवावरून सदर ठरवूं नये. तारण हा शब्द तर विलक्षण आहे: तारणें म्हणजे वांचविणें, आणि तारण म्हणजे सावकाराकडे अडकविलेली वस्तु. शहादें-तळोदें भागांत कर्जापोटीं माणसाचे श्रमच अडकत, आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या चळवळीनें सालदारांचा व आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न पुढें आणिला. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यानें वेठबिगार मुक्त झाला असें म्हटलें आणि त्याचें तें देणेंच नाहींसें केलें. तेव्हां येथें सोडविणें लागू पडत नाहीं, कारण कोणीं रक्कम भरलेली नाहीं. सोडणेंहि नाहीं, कारण धन्याची संमति कोणीं विचारलेली नाहीं.

या भागांतील ज्यांच्या घरीं सालदारीचे करार किंवा फारखती असतील, त्यांनीं त्या किरकोळ म्हणून टाकून न देतां निराळ्या बस्त्यांत बांधाव्या. आणि कैद्यांविषयींच्या कागदांची सूचि करणारांनीं ‘सुटका’ या सदराखालीं मूळचें क्रियापद कर्त्यासह जसेंच्या तसें उतरून घ्यावें.